बाकावरचं पोहणं

शंकरराव देवस्थळींना पोहता येत नव्हतं; पण पोहण्याचे फायदे त्यांच्याइतके अख्ख्या मध्य भारतात कोणाला येत नव्हते.

जुनी इंदूर भागातल्या विद्याप्रबोध मिडल स्कूलचे ते हेडमास्तर. वय अठ्ठेचाळीस, अंगात बंद गळ्याचा पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि हातात बारा महिने छत्री. पावसाळ्यात पावसासाठी, उन्हाळ्यात उन्हासाठी आणि उरलेल्या दिवसांत पाचवीच्या वर्गासाठी. वडील साताऱ्याकडून कापडमिलच्या ऑफिसात कारकून म्हणून इकडे आले, तेव्हापासून घराणं इंदूरचंच. या सगळ्या वर्षांत शंकररावांचा पाण्याशी आलेला सर्वांत खोल संबंध म्हणजे न्हाणीतली बादली, आणि तिच्यातही ते तांब्याच्या पुढे कधी उतरले नव्हते.

त्या काळी मध्य भारताला राजधान्या दोन होत्या. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला बसे आणि ऊन तापलं की फायलींचे पेटारे लादून इंदुरात येई. पेटाऱ्यांबरोबर साहेब येत आणि साहेबांबरोबर योजना. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात अशाच एका पेटाऱ्याबरोबर बाल-व्यायाम सल्लागार मंडळ नावाचं काहीतरी उतरलं. या मंडळानं पहिलं मोठं काम काय केलं, तर शिक्षकांकडून निबंध मागवले. विषय होता ‘शालेय विद्यार्थी आणि जलतरण’.

शंकररावांनी महू छावणीतल्या रद्दीवाल्याकडून पलटणीतलं पोहण्यावरचं एक इंग्रजी चोपडं आणलं, डिक्शनरी जवळ घेतली आणि तीन दिवसांत पोहण्याचे दहा फायदे मराठीत आणले. फुप्फुसं बळकट होतात, अन्न पचतं, झोप लागते, आळस पळतो, छाती रुंद होते, वगैरे. अकरावा फायदा मात्र त्यांचा स्वतःचा होता. ‘पोहणारा विद्यार्थी गणितात क्वचितच नापास होतो.’ याला आधार अनुभवाचा होता. न पोहणारे विद्यार्थी गणितात सर्रास नापास होताना त्यांनी वीस वर्षं पाहिले होते.

एप्रिलच्या सहा तारखेला भरलेल्या सभेत त्यांनी हा निबंध वाचला आणि टाळ्यांनी पत्रे हादरले. मंडळाचे सचिव सक्सेना साहेब उठून पुढे आले आणि त्यांनी शंकररावांचे दोन्ही हात हातात घेतले.

“वाह मास्साब, वाह! आपके स्कूल में तो बच्चे मछली की तरह तैरते होंगे!”

या ठिकाणी ‘नाही’ म्हणण्याची उत्तम संधी होती. पण टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, आणि टाळ्या चालू असताना नाही म्हणणं कोणाला जमलंय?

“जी, तयारी चालू है,” शंकरराव म्हणाले.

“बहुत बढिया! तीस तारीख को हम खुद देखने आएंगे.”

घरी येऊन शंकररावांनी झालेला प्रकार सांगितला. त्यांची अकरा वर्षांची मुलगी अरुंधती त्यांच्याच शाळेत पाचवीत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, “बाबा, तुम्हाला पोहता येतं?”

“मी हेडमास्तर आहे.”

“म्हणजे नाही ना?”

शंकररावांच्या पत्नी भानुमतीबाई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “साहेबांनी स्वयंपाकाचे फायदे नाही विचारले वाटतं. नाहीतर एखाद्या दिवशी चूल तरी पेटवली असतीत.”

रात्रभर विचार करून शंकररावांनी मार्ग काढला. सकाळी शाळेचा शिपाई लक्ष्मण बिनपाठीचे बाक ओढत अंगणात आणू लागला. पोहणं म्हणजे अखेर काय? हातापायांची शिस्तबद्ध हालचाल. आणि हालचालीला पाण्याची गरज काय? बावीस मुलं बाकांवर पोटावर पालथी घालण्यात आली. शंकररावांनी छत्री उगारली.

“बाहुप्रसारण, एक! पादताडन, दोन!”

बावीस जोड हात पुढे गेले, बावीस जोड पाय मागे झाडले गेले. मुलं घरून पोहे खाऊन आली होती. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या पोटांनी तक्रार सुरू केली. एका मुलानं जरा जोरात पाय झाडले, तो बाकावरून घसरला आणि त्याचं कोपर फुटलं. जमिनीवर बुडालेला तो शाळेच्या इतिहासातला पहिला विद्यार्थी. शंकररावांनी त्याला आयोडिन लावून परत बाकावर घातलं.

अंगणाकडच्या खिडकीतून मुलींच्या शिवणाच्या तासाला हे सगळं दिसत होतं. आधी खिडकीतून हसणं आलं, मग शिवणाच्या बाई स्वतः आल्या.

आनंदीबाई जगदाळे. आजे-पणजे होळकरांच्या घोडदळात, माहेर महेश्वरचं. आपण आधी नर्मदेत पोहायला शिकलो आणि मग चालायला, असं त्या सांगत. हे खरं असणं अवघड होतं, पण बाईंचे खांदे पाहून कोणी शंका काढत नसे.

“मास्साब, हे काय चालू आहे?”

“जलतरण.”

“यात जल कुठंय?”

“जल हा पुढचा टप्पा आहे.”

“अच्छा. आणि पुढच्या टप्प्यात पोरांनी बाक घेऊन उतरायचं, की बाकाला इथंच ठेवून?”

मुलं पालथ्या पालथ्याच हसू लागली. शंकररावांनी बाईंना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिथं मात्र त्यांचा आवाज खाली आला. तीस तारखेची गोष्ट त्यांनी सगळी सांगून टाकली.

आनंदीबाईंनी ऑफिसच्या खिडकीतून अंगणातल्या बाकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माझ्या मावसभावाच्या बागेत पायऱ्यांची बावडी आहे. इथून दहा मिनिटांवर. पाणी साफ आहे. तीन हप्त्यांत पोरं तरंगवून दाखवते. पण एक शर्त आहे.”

“कोणती?”

“मुली पण येतील.”

“बाई, निबंधात ‘विद्यार्थी’ असा शब्द आहे.”

“मग बावडीत निबंध सोडा, तो पोहेल,” असं म्हणून आनंदीबाई शिवणाच्या तासाला निघून गेल्या.

संध्याकाळी अरुंधतीनं निबंधाची प्रत काढली आणि बापासमोर धरली. “बाबा, या अकरा फायद्यांतले मुलींसाठी किती आहेत?”

शंकररावांनी चष्मा लावला. पहिला फायदा फुप्फुसांचा. मुलींना फुप्फुसं असतात, हे मान्य करणं भाग होतं. दुसरा पचनाचा. अरुंधतीची भूक ते रोज ताटावर पाहत होते. झोप, आळस, छाती, स्मरणशक्ती असं करत करत ते खाली गेले आणि सगळ्यात शेवटी गणिताच्या फायद्याशी अडकले. अरुंधतीला गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव होते. तेवढा एक फायदा तिला लागू पडत नव्हता. दहा मात्र लागू पडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पालकांना पत्रं पाठवली. मुलांच्या बापांनी न वाचताच सह्या केल्या. मुलींच्या बापांनी मात्र पत्रं वाचली. मल्हारगंजात किराण्याचं दुकान असलेले एक गृहस्थ तर दुकान उघडं टाकून शाळेत आले. त्यांची प्रेमलता पाचवीत होती.

“मास्साब, छोरी को मच्छी बनाओगे क्या? आमच्याकडे चालत नाही असलं!”

“बसा,” शंकरराव म्हणाले आणि त्यांनी पहिल्या फायद्यापासून सुरुवात केली. चौथ्या फायद्याला गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, पाचव्याला उठायचा प्रयत्न केला, सहाव्याला सही केली. असे एकेक करत सहा बाप शरण आले; सातवा बाप, अरुंधतीचा, आधीच शरण आला होता. निबंधाचा काहीतरी उपयोग होतो, हे शंकररावांना प्रथमच दिसलं.

आनंदीबाईंनी शिवणाच्या तासाला रुमाल भरणं बंद केलं आणि मांजरपाटाच्या सात चड्ड्या आणि सात पोलकी शिवून घेतली. परीक्षेला रुमाल असतो, पोलकं नसतं, असं शंकररावांनी सुचवून पाहिलं. बाईंनी दातानं दोरा तोडला आणि पुढचं पोलकं घेतलं.

बावडी खोल होती. उन्हाळ्यानं पाणी उतरलेलं, त्यामुळे काळ्या दगडाच्या चाळीस-पन्नास पायऱ्या उतरल्यावर ते लागे. वर उन्हाचा कहर आणि खाली अंगावर काटा येईल असा गारवा. कोनाड्यांतून पारवे घुमत. आनंदीबाईंनी नऊवारीचा कासोटा आवळला, पदर कमरेला खोचला आणि पाण्यात सूर मारला. बराच वेळ त्या वर आल्याच नाहीत. मुलांनी श्वास रोखून धरले, शंकररावांनी पोलीस चौकी कुठल्या रस्त्याला आहे ते आठवून पाहिलं. मग पलीकडच्या भिंतीशी त्यांचं डोकं वर आलं.

“चला, एकेक जण. रडायचं असेल तर आत येऊन रडा.”

प्रत्येकाच्या पाठीला वनस्पती तुपाचा रिकामा डबा बांधला होता, तोंड कथलाची झाळ देऊन बंद केलेला. डबा बुडत नाही आणि डबा बुडत नाही म्हणून मूल बुडत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. मुली किंचाळल्या, नाकातोंडात पाणी गेलं, खोकल्या आणि हळूहळू तरंगू लागल्या. गंमत झाली ती मुलांची. त्यांचं बाकावर शिक्षण झालेलं होतं. एका मुलानं ‘एक’ म्हणून हात पुढे टाकले आणि वरून ‘दोन’चा हुकूम येईल म्हणून तो वाट पाहत राहिला. हुकूम येईना. डबा होता म्हणून बरं, नाहीतर पोर शिस्तीनं तळाला गेलं असतं.

“विसरा सगळं!” आनंदीबाई ओरडल्या. “बाकावर शिकलेलं सगळं विसरा!”

मुलांचे दोन दिवस विसरण्यात गेले.

शंकरराव रोज यायचे. पाचव्या पायरीवर छत्री उघडून उभे राहायचे आणि तिथून तत्त्वं सांगायचे. श्वास नाकानं की तोंडानं, मान कोणत्या कोनात, बोटं जुळलेली की सुटी. खाली कोणाला ऐकू जात नसे, त्यामुळे कोणाचं नुकसानही होत नसे. सहाव्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. प्रेमलता हात वाकडे मारत होती. “असे नाही, असे!” म्हणत ते एकेक पायरी खाली आले. शेवटची पायरी शेवाळलेली होती.

पुढचं त्यांना नीट आठवत नव्हतं. पाय गेला एवढं कळलं. मग सगळं हिरवं झालं आणि आवाज बंद झाले. कोट फुगला, मग जड झाला. त्यांनी हात पुढे टाकले, पाय झाडले, शास्त्राप्रमाणे टाकले, क्रमानं झाडले. तरी खालीच जात राहिले. अकरापैकी एकही फायदा मदतीला आला नाही. छातीत आग पेटली, आणि एकच लहानसा विचार आला की अरुंधती वरून पाहते आहे, तिनं हे पाहू नये.

कोणीतरी कोटाची कॉलर धरून वर ओढलं. उजेड आला. त्यांनी आनंदीबाईंच्या गळ्याला मिठी मारायचा प्रयत्न केला, बाईंनी एक धक्का देऊन त्यांना दूर केलं आणि मागून बगलेत हात घातला. समोर अरुंधतीचं तोंड होतं. तिनं पाठीचा डबा सोडून बापापुढे ढकलला होता आणि स्वतः नुसतीच तरंगत होती.

“बाबा, डबा धरा. छाती वर करा. आणि बोलू नका!”

आयुष्यात पहिल्यांदाच शंकररावांनी कोणाचं तरी ऐकून तोंड मिटलं, आणि ते तरंगले.

पायरीवर बसून ते बराच वेळ खोकत होते. एकही मूल हसलं नाही. हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. टोपी पाण्यावर फिरत होती, ती प्रेमलतेनं पोहत जाऊन आणून दिली. आता तिचे हात कसे पडतात, हे कोणी पाहिलं नाही.

घरी भानुमतीबाईंनी दार उघडलं, नखशिखान्त ओला नवरा पाहिला आणि कोरड्या आभाळाकडे पाहिलं. धोतर काढून दिलं, चहा ठेवला. शंकरराव त्या दिवशी जेवेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, तेव्हा भानुमतीबाईंनी हळूच अरुंधतीला विचारलं, “डोक्याला लागलंय का गं?”

दुसऱ्या दिवशी शंकरराव बावडीवर आले ते कोट न घालता. छत्रीही नव्हती. मुलांची रांग संपेपर्यंत ते थांबले आणि मग आनंदीबाईंपुढे उभे राहिले.

“बाई, एखादा डबा... माझ्यासाठी मिळेल का?”

आनंदीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. टोमणा ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. “एकानं नाही भागायचं, मास्साब. दोन बांधू.”

आणि असे विद्याप्रबोध शाळेचे हेडमास्तर पाठीला दोन डबे बांधून पाचवीच्या मुलांमागे पाण्यात उतरले. शेवटच्या पायरीवर आलं की त्यांना काहीतरी आठवे: वर्गाची हजेरी, एखादं पत्र, घरची भाजी. अरुंधती खालून हात पुढे करी. “आठवेल ते वर गेल्यावर, बाबा. या.” पाण्यात ती बापाला ओरडायची आणि बाप ऐकायचा. घरी आल्यावर पुन्हा बाप ओरडायचा आणि ती ऐकायची. दोघांचाही त्यात काही बिघाड होत नव्हता.

सत्तावीस तारखेला आनंदीबाईंनी दुसरा डबाही सोडला. शंकररावांनी बावडीची रुंदी ओलांडली. हात आठ अंतर. त्या प्रकाराला कोणत्याही चोपड्यात नाव नव्हतं. गल्लीतलं कुत्रं नाल्यात पडलं की जसं निघतं, तसे ते निघाले. पण निघाले. घरी येऊन त्यांनी ही हकिगत भानुमतीबाईंना तीनदा सांगितली.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “आठ हात. आता मेथी निवडून द्या.”

तीस तारीख उजाडली. मुलं नुसत्या चड्ड्यांत, मुली मांजरपाटाचे कपडे घालून, सगळी पाठीला डबे बांधून सात वाजल्यापासून शाळेच्या अंगणात तयार. साहेब आठला यायचे होते, ते दहाला आले. मोटारीतून चौघं उतरले. हार झाले. मग सक्सेना साहेब खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “पहले थोडी थ्योरी हो जाए.”

मुलांनी अकरा फायदे एका सुरात म्हटले. साहेबांनी डोळे मिटून ऐकले आणि गणिताच्या फायद्याला मान डोलावली.

“अब प्रैक्टिकल.”

“जी, बावडी पास ही है,” शंकरराव पुढे झाले. “दस मिनट का रास्ता.”

“बावडी?” साहेबांनी डोळे उघडले. बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे. “मतलब... पानी में?”

“जी. तैरना है, तो...”

“और कोई डूब-वूब गया तो? कागज किसके नाम पर आएगा, मास्साब?”

साहेबांची नजर अंगणाच्या कडेला गेली. तिथं बाक एका ओळीत पडून होते. लक्ष्मणनं ते अजून वर्गात नेले नव्हते. “ये क्या है?”

शंकररावांनी तोंड उघडायच्या आत एका प्रामाणिक मुलानं सांगून टाकलं, “साब, ये सूखा तैरना है,” आणि डबा बांधलेल्या पाठीनंच तो बाकावर पालथा पडून हातपाय मारू लागला.

साहेब खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा सरकारी माणसाच्या चेहऱ्यावर फक्त बिनधोक्याची गोष्ट पाहून पसरतो. “अद्भुत! न पानी, न खतरा! मास्साब, ये आपकी खोज है?”

बावीस मुलं बाकांवर पालथी झाली. फोटोवाला बोलावलाच होता. मुली मागे ओळीत उभ्या केल्या. एका पाहुण्यानं विचारलं, “ये डिब्बे किसलिए?”

“हे तरंगतात, साहेब,” आनंदीबाई म्हणाल्या. “बाक नाही तरंगत.”

पाहुणे मनमुराद हसले. बाई विनोदी आहेत, असं त्यांचं मत पडलं.

शंकररावांना अरुंधती दिसत होती. मागच्या ओळीत, डब्याची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून. ती साहेबांकडे पाहत नव्हती, बापाकडे पाहत होती. शंकररावांना बावडीची शेवटची पायरी आठवली. ते पुढे गेले.

“साहब, एक बार चलकर देख लीजिए. बच्चे सचमुच तैरते हैं. लड़कियां भी. मैं खुद तैरकर दिखाता हूं. ये बाकवाला तो... ये मेरी गलती थी.”

सक्सेना साहेबांनी त्यांच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. “मास्साब, आप विद्वान आदमी हैं. विद्वान को इतनी विनम्रता शोभा नहीं देती.” आणि ते पोहे-जिलबीकडे वळले.

साहेब गेल्यावर शंकररावांनी मुलांना रांगेत उभं केलं. मुलांना वाटलं, आता घरी. “चला बावडीवर,” ते म्हणाले. “तयारी झाली आहे, ती वाया कशाला घालवायची?” भर उन्हात एकोणतीस मुलं, हेडमास्तर आणि शिवणाच्या बाई पाण्यात उतरल्या. पायरीवर पाहुणा म्हणून लक्ष्मण शिपाई बसला होता. टाळ्याही त्यानंच वाजवल्या.

जून महिन्यात मंडळाचं परिपत्रक आलं. त्यात ‘शुष्क-जलतरण योजना’ जाहीर झाली होती. प्रत्येक शाळेनं बिनपाठीचे बाक ठेवावेत, विद्यार्थ्यांनी फायदे मुखोद्गत करावेत. चौथ्या कलमात लिहिलं होतं की विहीर, बावडी, तलाव, नदी यांच्याजवळ कोणत्याही शाळेनं विद्यार्थ्यांना कदापि नेऊ नये. सोबत शंकररावांना प्रशस्तिपत्र होतं आणि योजनेचे प्रचारक म्हणून शाळाशाळांत भाषणं देण्याचा आदेश होता.

शंकररावांनी ते परिपत्रक आनंदीबाईंना वाचून दाखवलं.

“तो मग? संपलं?” बाईंनी विचारलं.

शंकररावांनी चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी शब्दांचीच नोकरी केली होती. आता शब्द कामाला लावायची वेळ आली होती. “कलम चार म्हणतं, शाळेनं नेऊ नये. रविवारी शाळा नसते. रविवारी मी शेजारच्या पोरांना घेऊन बागेत फिरायला गेलो, तर तो माझा खासगी प्रश्न आहे. आता बागेत बावडी असली, तर त्याला माझा काय इलाज?”

आनंदीबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे जरा आदरानं पाहिलं. फार नाही, जरा.

प्रचाराची भाषणंही त्यांनी दिली, अगदी झाडून सगळी. बाकांवर मुलं पालथी घालून दाखवली, टाळ्या घेतल्या, चहा घेतला. आणि प्रत्येक ठिकाणी निघताना तिथल्या हेडमास्तरला बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या जवळपास एखादी बावडी आहे का, भिया? आणि पोहणारी एखादी बाई?” बहुतेकांना प्रश्न कळला नाही. दोघांना कळला. तपासनीस वर्षातून दोनदा येऊन बाक मोजून जात. बाक कधीच कमी भरले नाहीत.

पुढचा उन्हाळा आला तोवर रविवारची पोरं चाळीसच्या वर गेली होती. मल्हारगंजचे ते किराणावाले स्वतः प्रेमलतेला सोडायला येत आणि ती सूर मारी तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभे राहत. बघवत नाही म्हणत, पण आपल्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवतही नसत.

मेमधल्या एका रविवारी मुलांचा वर्ग आटोपला आणि शंकरराव पायरीवर डोकं पुसत बसले होते. वरून बांगड्यांचा आवाज आला. पाहतात तर भानुमतीबाई, मागे आळीतल्या चार-पाच जणी, प्रत्येकीच्या काखेत कपड्यांचं बोचकं. शंकररावांना वाटलं, घरी पाहुणे आले, बोलवायला आली.

“कोण आलंय?” ते उठत म्हणाले.

“आम्हीच आलोय. तुम्ही जरा बाहेर व्हा.”

“का?”

“आमचा वर्ग आहे. आनंदीबाईंशी बोलणं झालंय.”

शंकरराव पाहतच राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या बाईनं त्यांच्यादेखत घागरीपलीकडे पाणी कधी पाहिलं नव्हतं. “तुला भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” भानुमतीबाई म्हणाल्या. “तुम्हाला वाटत नव्हती का? आता निघा, उशीर होतोय.”

त्यांनी ओला पंचा खांद्यावर टाकला आणि ते चाळीस-पन्नास पायऱ्या चढून बागेच्या फाटकाशी येऊन बसले, बावडीकडे पाठ करून. थोड्या वेळानं एक टांगेवाला घोड्यासाठी पाणी मागायला आला.

“आत्ता नाही, भिया. तासाभरानं ये. आत बायका आहेत.”

टांगेवाला गेला. आतून आधी बोलण्याचा गलका आला, मग आनंदीबाईंचा दरडावणीचा आवाज, मग कोणाचं तरी ‘अगं बाई गं’. मग पाण्याचा एक मोठा आवाज झाला आणि त्यानंतर काहीच नाही. शंकरराव उभे राहिले. मागे वळायचं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात भानुमतीबाईंचा खोकला ऐकू आला, आणि खोकल्यापाठोपाठ त्यांचं हसणं.

शंकरराव परत बसले.